डाग किती खोल

वरचे समोरचे दोन मोठे दात मुलाच्या तोंडात सातव्या-आठव्या वर्षी येतात, पण त्यांचा रंग त्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. बाळ तीन-चार महिन्यांचं असतं तेव्हा जबड्याच्या हाडात या दातांवरचं कवच, म्हणजे इनॅमल, तयार व्हायला लागतं आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत ते काम चालतं. त्या काळात बाळ जे पाणी प्यालं, त्याला जी औषधं दिली गेली, पडून दुधाच्या दातावर जो मार बसला, त्या सगळ्याची नोंद या कवचात होते. इनॅमल हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे आणि तो एकदाच घडतो. तो घडवणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात. मोडलेलं हाड सांधतं, फाटलेली कातडी भरून येते; इनॅमलला ती सोय नाही.

नांदेडच्या किंवा लातूरच्या दवाखान्यात सतरा-अठरा वर्षांची मुलगी तोंडावर हात धरून हसते आणि "डॉक्टर, समोरच्या दातांना कॅप बसवा" म्हणते, तेव्हा ज्या तपकिरी पट्ट्याबद्दल ती बोलत असते त्याचं मूळ तिच्या पहिल्या आठवणीहून जुनं असतं. सोबत आलेली आई बहुधा म्हणते, "घासतच नाही नीट." ही समजूत चुकीची आहे आणि तिने मराठवाड्यातल्या असंख्य मुलामुलींना उगाच अपराधी ठरवलं आहे. कोळशाची भुकटी, मीठ-लिंबू, बाजारातली खरखरीत पांढरी पावडर असं सगळं घासून हिरड्या सोलून निघतात, दात झिणझिणायला लागतात, पट्टा मात्र जागचा हलत नाही. कारण तो न घासण्यामुळे आलेला नसतो. तो पाण्यातून आलेला असतो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे आणि तेलंगणाच्या बाजूला, देगलूर, बिलोली, किनवटकडच्या पट्ट्यात मात्र हा थर विरतो आणि त्याच्या खालचा फार जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. या खडकातल्या काही खनिजांत, अभ्रकाच्या काही जातींत, अ‍ॅपेटाइटमध्ये फ्लोराइड असतं. पाणी अशा खडकाच्या फटींत जितकं जास्त काळ थांबेल, तितकं ते फ्लोराइड उचलतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं. कॅल्शियम कमी आणि पाणी अल्कधर्मी असेल तर ते विरघळलेलंच राहतं. म्हणून चवीला गोड, नितळ, डाळ चांगली शिजवणारं पाणीही या बाबतीत निर्धोक असेलच असं नाही. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही.

आड उथळ असतो, त्याचं पाणी पावसागणिक बदलतं. खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं असतं. दुष्काळात आपण खाली खाली जातो आणि हे जुनं पाणी वर काढतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ही आठवण लातूरकरांच्या मनातून जाणार नाही. त्या वर्षी जिल्ह्यातल्या किती तरी घरांनी टँकरवर आणि बोअरवर दिवस काढले. तेव्हा रांगत असलेल्या बाळांचे समोरचे कायमचे दात २०२२-२३ नंतर उगवले आहेत. अशा घरांतल्या आईवडिलांनी मुलाचे दात एकदा खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात नीट पाहावेत.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा घालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ आहे. पण मर्यादा लिटरवर असते आणि नुकसान रोज पोटात जाणाऱ्या एकूण प्रमाणावर ठरतं. बेचाळीस अंशांच्या उन्हात शेतात राबणारं घर थंड प्रदेशातल्या घरापेक्षा खूप जास्त पाणी पितं, त्यावर दिवसातून चार वेळा चहा, आणि चहाच्या पत्तीत स्वतःचं फ्लोराइड असतंच. प्रमाण वाढत गेलं की दातांपाठोपाठ हाडं आणि सांधे धरतात. फ्लोराइडमुळे होणाऱ्या या विकाराला फ्लोरोसिस म्हणतात. केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि नांदेड जिल्हा त्यात सुरुवातीच्या वर्षांतच आला. आपल्या भागासाठी हे कागदोपत्री मान्य झालेलं वास्तव आहे. दात पिवळे असणं हा कुणाच्या घराण्याचा दोष नाही, हे लग्न ठरवणाऱ्यांनीही समजून घ्यायला हवं.

हे कोडं सुटायला जगालाही वेळ लागला. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी गेला तेव्हा तिथे जन्मलेल्या लोकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. बाहेरून मोठेपणी आलेल्यांचे दात स्वच्छ होते. मॅकेने पुढची तीस वर्षं हा माग सोडला नाही. त्याला पाण्याचा संशय होता, पण त्या काळच्या नेहमीच्या तपासणीत पाणी शुद्ध निघायचं. अखेर १९३१ मध्ये अ‍ॅल्युमिनियम बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने अशा पाण्यात फ्लोराइड शोधून काढलं. आपल्याकडे १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला. मॅकेने आणखी एक गोष्ट पाहून ठेवली होती: हे डागाळलेले दात किडत नव्हते. तिच्यातूनच पुढे टूथपेस्टमध्ये थोडं फ्लोराइड घालण्याचा विचार आला. कॅपबद्दल बोलताना ही गोष्ट मनात ठेवायला हवी. डागाळलेला दात हा कमजोर दात असतोच असं नाही.

इनॅमल घडताना आधी प्रथिनांचा साचा तयार होतो, त्यात खनिज भरत जातं आणि प्रथिनं निघून जातात. फ्लोराइड जास्त झालं की प्रथिनं वेळेत निघत नाहीत आणि इनॅमल सच्छिद्र राहतं. भाजताना कच्चं राहिलेलं मडकं जसं पाण्याबरोबर रंगही शोषून घेतं तसं हे कवच उगवल्यानंतर चहा, हळद, पाण्यातलं लोह आत ओढून घेतं. उगवताना दात बहुधा खडूसारखा पांढरा असतो, तपकिरी रंग नंतरच्या वर्षांत चढतो. सौम्य प्रकारात हे सगळं कवचाच्या बाहेरच्या पातळ थरातच असतं. तीव्र प्रकारात मात्र दोष खोल जातो, कवचाला खड्डे पडतात, कडा तुटतात.

डाग किती खोल आहे, हाच कळीचा प्रश्न आहे. पूर्ण कॅप हा त्याच्या उत्तरांपैकी शेवटचा आहे, आणि आपल्याकडे तो फार वेळा पहिलाच म्हणून दिला जातो, घेतलाही जातो. मला या प्रकरणात वाचकाच्या मनात काही ठसवायचं असेल तर ते हेच.

आधी डागाचं मूळ ओळखावं लागतं. मिश्री लावणाऱ्या बायकांचे, तंबाखू किंवा पान खाणाऱ्यांचे दात काळेकरडे दिसतात, पण तो रंग वरून बसलेला असतो. दंतवैद्याने अल्ट्रासोनिक यंत्राने दात साफ करून पॉलिश केले की त्यातला बहुतेक जातो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खाणारी तरुण मुलं दवाखान्यात येतात, आणि त्यांच्या बाबतीत दाताआधी तोंड किती उघडतं हे बघावं लागतं. गालाची आतली कातडी कडक, पांढुरकी झाली असेल, तिखट लागलं की आग होत असेल, तर ती कर्करोगाच्या वाटेवरची खूण असू शकते. तिथे दातांचा रंग हा विषय मागे पडतो.

एकच दात निळसर-करडा झाला असेल तर गोष्ट वेगळी. लहानपणी सायकलवरून पडताना किंवा चेंडू लागून त्या दाताला मार बसलेला असतो, आतली नस मरते, रक्तातलं लोह दाताच्या सूक्ष्म नळ्यांमध्ये उतरतं आणि दात आतून काळवंडतो. दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुणी लक्ष देत नाही. त्याला एक्स-रे आणि रूट कॅनल लागतं. सगळ्या दातांवर आडवे करडे-पिवळे पट्टे असतील तर लहानपणी दिलेलं टेट्रासायक्लिन हे कारण असू शकतं. हे औषध घडत्या दातातल्या कॅल्शियमला चिकटतं, म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना ते देणं टाळतात. हा रंग इनॅमलच्या खालच्या थरात, डेंटिनमध्ये असतो आणि त्याचा उपाय सगळ्यांत अवघड.

फ्लोरोसिसचे डाग बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असतात: उजव्या दातावर जिथे पट्टा, जवळपास तिथेच डाव्यावर. अशा डागांसाठी कॅपच्या आधी बऱ्याच पायऱ्या आहेत. पहिली मायक्रोअ‍ॅब्रेजन. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्युमिस दगडाची बारीक पूड यांचा लेप रबरी टोपीने दातावर फिरवतात आणि मिलिमीटरचा एक-दोन दशांश इतकाच थर काढतात. फ्लोरोसिसचा तपकिरी रंग अनेकदा एवढ्याच थरात असतो. हिरड्यांना आम्ल लागू नये म्हणून दातांभोवती रबराचा पडदा बांधलेला असतो. तो नसेल तर काम थांबवायला सांगायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. या उपायाने ज्यांचे दात सुधारले त्यांना पाहून, याच दातांना कॅपसाठी तासलं जाणार होतं या विचाराने मन हळहळतं.

त्याच्या जोडीला ब्लीचिंग. दाताच्या मापाच्या पातळ पारदर्शक ट्रेमध्ये कार्बमाइड पेरॉक्साइडचं जेल घालून तो रात्री लावून झोपायचं, काही आठवडे. पहिल्या काही दिवसांत पांढरे ठिपके जास्तच उठून दिसतात, लोक घाबरतात. थोडं थांबलं की भोवतालचा भाग उजळून फरक कमी होतो. पांढरे चट्टे उरलेच तर पातळ रेझिन त्या छिद्रांत मुरवून ते भोवतालच्या दातात मिसळवता येतात. खड्डा असेल तर दाताच्या रंगाचं काँपोझिट भरता येतं. ते काही वर्षांनी रंग धरतं, पुन्हा पॉलिश करावं किंवा बदलावं लागतं, पण त्यासाठी दात जवळपास शाबूत राहतो. यानंतर व्हेनियर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवलेला अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. मग कॅप.

या पायऱ्यांतला फरक आकड्यांत मांडता येतो. एडलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये समोरच्या दातांचं वजन करून पाहिलं: व्हेनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी ३ ते ३० टक्के काढावा लागतो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. म्हणजे कॅपसाठी तासलेल्या दातात दिसणाऱ्या भागाचा तिसरा हिस्साच उरतो. हे सांगूनही रुग्ण कॅप निवडू शकतो, तो त्याचा अधिकार आहे. पण न सांगता दात तासणं मला अन्यायाचं वाटतं.

कॅप केव्हा योग्य? दाताला खोल खड्डे पडून कडा तुटत असतील, मोठी कीड किंवा जुनी मोठी फिलिंग असेल, रूट कॅनल झाल्यावर दात पोकळ आणि ठिसूळ उरला असेल, मार लागून अर्धा दात गेला असेल, टेट्रासायक्लिनचा गडद रंग दुसऱ्या कशानेच झाकत नसेल, तेव्हा कॅप हा फार चांगला उपाय आहे. अशा दाताला चांगली सिरॅमिक कॅप बसली की माणूस बोलताना ओठ आवळायचं सोडून देतो, फोटोत दात दाखवून हसतो. ज्या घरांत मुलीला पाहायला आलेल्यांसमोर तिला ओठ मिटून बसवलं जातं, तिथे या उपायाचं मोल किती हे वेगळं सांगायला नको.

सिरॅमिकचं मूळ चिनी मातीच्या भांड्यांशी नातं सांगतं: फेल्डस्पार, क्वार्ट्झ, थोडी केओलिन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत डेट्रॉइटच्या चार्ल्स लँडने प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सिलेन भाजून दाताची पहिली अशी टोपी केली. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून पार करणारा चार्ल्स लिंडबर्ग हा याचा नातू. लँडच्या कॅप सुंदर दिसायच्या, पण तडकायच्या. १९६० च्या दशकात धातूच्या टोपीवर पोर्सिलेन भाजण्याची पद्धत रुळली. ती मजबूत आहे आणि दाढांसाठी आजही चांगली चालते, पण समोरच्या दातात धातू उजेड अडवतो, दात निर्जीव दिसतो, आणि हिरडी थोडी वर सरकली की कडेला काळी रेघ दिसते. त्याच दशकात, १९६५ मध्ये इंग्लंडच्या मॅक्लीन आणि ह्यूज यांनी अ‍ॅल्युमिनाचे कण मिसळून पोर्सिलेन बळकट केलं आणि धातूविना कॅपचा रस्ता खुला झाला.

आज नांदेड-लातूरच्या दवाखान्यांत समोरच्या दातांसाठी दोन नावं जास्त ऐकू येतात. एक लिथियम डायसिलिकेट, हे एक काचसिरॅमिक. यंत्रावर कोरताना त्याचा ठोकळा निळसर जांभळा असतो. भट्टीत सुमारे ८४० अंशांवर तापवल्यावर त्यात स्फटिक वाढतात आणि तो दाताच्या रंगाचा होतो. उजेड त्यातून खऱ्या दातासारखा आरपार जातो. दुसरं झिरकोनिया, त्याहून दुपटीहून अधिक मजबूत. ते खडूसारख्या मऊ अवस्थेत कोरतात आणि पंधराशे अंशांच्या जवळ भाजतात. भाजताना ते पाचव्या हिश्शाच्या आसपास आकसतं, म्हणून कॅप आधी तितकी मोठी कोरावी लागते. ते गणित संगणक करतो. १९८५ मध्ये झ्यूरिकमध्ये मोरमान आणि ब्रँडेस्टिनी यांनी संगणकाने कोरलेलं सिरॅमिक पहिल्यांदा रुग्णाच्या दातात बसवलं, तिथून ही वाट सुरू झाली.

"सगळ्यात भारी कोणती?" हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. उत्तर खालच्या दाताच्या रंगावर आहे. तासल्यावर उरलेला खुंट स्वच्छ असेल तर अर्धपारदर्शक लिथियम डायसिलिकेट फार देखणं दिसतं. खुंट काळवंडलेला असेल, जसा मेलेल्या दाताचा असतो, तर तोच पारदर्शकपणा घात करतो: आतला काळेपणा कॅपमधून झिरपतो आणि महागडी कॅप करडी दिसते. तिथे रंग दडवणारा अपारदर्शक गाभा किंवा झिरकोनिया लागतं, आणि त्याच्यावर पोर्सिलेनचे पातळ थर चढवून जिवंतपणा आणावा लागतो. काही वेळा आधी रूट कॅनल झालेल्या दाताच्या आत ब्लीच ठेवून खुंटच उजळून घेतात. हिरडी पातळ असेल तर काळ्या मुळाची सावली हिरडीतूनही दिसते, आणि ती कोणत्याच कॅपने झाकत नाही. हे आधी सांगितलेलं बरं.

रंग ठरवण्याचं काम दात तासण्याच्या आधी, दिवसाच्या उजेडात करायचं असतं. तोंड उघडं राहून दात थोडा वेळ सुकला तरी तो मूळ रंगापेक्षा पांढरा दिसायला लागतो. दंतवैद्याकडे छटांचे नमुने असतात, त्यांतला सर्वांत प्रचलित संच सोळा छटांचा. इथे वाद होतो, कारण बहुतेकांना सर्वांत पांढरी छटा हवी असते. पण वरचे सहा दात दुधासारखे आणि खालचे तपकिरी राहिले तर बोलताना दोन्ही दिसतात आणि कॅप ओरडून सांगते की मी कॅप आहे. निसर्गात एकाच दाताला तीन रंग असतात: हिरडीजवळ पिवळसर, मध्ये उजळ, टोकाला निळसर पारदर्शक. चांगला लॅब तंत्रज्ञ ते तिन्ही देतो. त्यासाठी दंतवैद्याने त्याला फोटो पाठवायला हवेत. नुसतं चिठ्ठीवर छटेचं नाव लिहून काम भागत नाही. या तंत्रज्ञांची नावं रुग्णाला कधी कळत नाहीत, पण हसू बरंचसं त्यांच्या ब्रशवर अवलंबून असतं.

तासताना पुढून-मागून एक ते दीड मिलिमीटर आणि टोकाकडून दोनच्या आसपास काढतात. कडा हिरडीपाशी गुळगुळीत सोडाव्या लागतात. त्या खाली फार खोल नेल्या तर हिरडी कायम सुजून राहते, हे समोरच्या दातांच्या कॅपमधलं सर्वांत सामान्य दुखणं आहे. मग हिरडीत बारीक दोरा घालून ती बाजूला करतात आणि रबरी मसाल्याने किंवा स्कॅनरने माप घेतात. लॅबचं काम होईपर्यंत रुग्णाला तात्पुरती प्लॅस्टिकची कॅप लावतात. ही तात्पुरती कॅप मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यावर लांबी तपासता येते: "वाघ", "वीस", "फोन" म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला नेमकी कुठे टेकते ते दंतवैद्य पाहतो, आणि आरशात पाहून रुग्णालाही सांगता येतं की दात लांब वाटतायत. कायमची कॅप चिकटवल्यावर हे सांगून उपयोग नसतो.

चिकटवण्याच्या दिवशी काचसिरॅमिकच्या कॅपची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करतात, म्हणजे सिमेंट धरतं. ज्या मूलद्रव्याने दात बिघडवला तेच इथे कॅपला पकड देतं. फ्लोरोसिस झालेल्या दातावर मात्र नेहमीचं आम्ल तितकं चालत नाही, कारण फ्लोराइडने भरलेला वरचा थर आम्लाला दाद देत नाही. म्हणून व्हेनियर किंवा काँपोझिट चिकटवताना जास्त वेळ आम्ल ठेवावं लागतं किंवा वरचा थर आधी किंचित खरवडावा लागतो. या भागात काम करणाऱ्या दंतवैद्यांना हे अनुभवाने माहीत असतं. कॅप टिकते किती? अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये निघालेल्या आढाव्यात अशा काचसिरॅमिकच्या कॅपपैकी सुमारे ९६ टक्के पाच वर्षांनी शाबूत होत्या. आकडा चांगला आहे. पण विसाव्या वर्षी बसवलेली कॅप माणसाला साठ वर्षं पुरणार नाही. ती आयुष्यात एक-दोनदा तरी बदलावी लागेल, आणि दर बदलाला आत थोडा दात कमी होत जाईल. जिवंत दात तासल्यावर काही दातांची नस पुढच्या काही वर्षांत मरते आणि मग कॅपमधूनच रूट कॅनल करावं लागतं. जिवंत, निरोगी दाताला कॅपआधी "सावधगिरी म्हणून" रूट कॅनल करणंही तितकंच चुकीचं.

लातूरसाठी एक गोष्ट खास सांगायची आहे. आसपासच्या जिल्ह्यांतली हजारो मुलं दहावीनंतर शिकवण्यांसाठी या शहरात येतात. घरापासून दूर, नव्या मित्रांत, आरशासमोर आपल्या दातांची लाज पहिल्यांदा त्यांना इथेच वाटते, आणि सुटीत घरी जाण्याआधी चार दिवसांत कॅप बसवून टाकावी असं वाटतं. सोळाव्या वर्षी दातातली नसेची पोकळी मोठी असते, तासताना ती उघडी पडण्याचा धोका जास्त. हिरडीची रेषाही अजून वर सरकत असते. आज हिरडीशी जुळवलेली कॅपची कड दोन-तीन वर्षांनी उघडी दिसू शकते. या वयात मायक्रोअ‍ॅब्रेजन, ब्लीचिंग, काँपोझिट करून घ्यावं आणि पूर्ण कॅपचा निर्णय अठरा-वीसनंतर घ्यावा. मुलाची लाज खरी असते, तिला "अभ्यासाकडे लक्ष दे" म्हणून झटकू नये. आणि तिच्यापायी घाईने दातही घालवू नये. पैशांची अडचण असेल तर लातूर आणि नांदेड दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारे विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण तपासणी सावकाश आणि पूर्ण होते. एक्स-रे न काढता, डाग कशाचा हे न विचारता पहिल्याच बैठकीत दात तासायला घेणाऱ्या कुणाकडूनही उठून यायला हरकत नाही.

कॅप बसल्यावर समोरच्या दातांनी ऊस सोलायचा नाही, सुपारी फोडायची नाही, बाटलीचं झाकण उघडायचं नाही. हुरडा, भाकरी, दाण्याची चटणी यांना मनाई नाही. रात्री दात करकर चावणाऱ्याने प्लॅस्टिकची रात्रपट्टी करून घ्यावी, नाहीतर कॅप वाचते पण समोरचा खालचा दात झिजतो. कॅप किडत नाही. कॅपची कड जिथे दाताला भेटते तिथे दात किडतो, म्हणून रोज फ्लॉसचा दोरा तिथून फिरवावा आणि सहा महिन्यांनी दाखवून यावं.

मुलीच्या दातांसाठी दवाखान्यात आलेल्या आईच्या कडेवर पुष्कळदा धाकटं मूल असतं. त्याचे समोरचे कायमचे दात त्याच क्षणी जबड्यात घडत असतात. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य असतं, आई कोणतंही पाणी प्यायली तरी. बोअरच्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधात मात्र त्या पाण्याचं सगळं फ्लोराइड उतरतं. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. कँडलच्या किंवा अतिनील दिव्याच्या फिल्टरनेही जात नाही. आरओने बऱ्याच अंशी निघतं, आणि पत्र्यावरून नीट गोळा केलेल्या पावसाच्या पाण्यात ते जवळपास नसतंच. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली आणि तिला शेजारच्या तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्याचं नाव मिळालं; गावपातळीवर ती नीट चालवली तर चालते. यातलं काहीही करण्याआधी पाणी तपासून घ्यावं. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, काचेची नको, हापसा किंवा बोअर थोडा वेळ चालू ठेवून मग त्याच पाण्याने ती दोन-तीनदा खळखळून भरायची, वर गाव, स्रोत आणि तारीख लिहायची आणि पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत फ्लोराइडची चाचणी म्हणून द्यायची. एकाच गावातल्या दोन हापशांच्या पाण्यातही मोठा फरक असू शकतो, म्हणून घरात पिण्याचं पाणी जिथून जिथून येतं त्या प्रत्येक ठिकाणची वेगळी बाटली न्यावी.